एका रबरी सीलचे माहेर आणि सासर

(बेकरीची यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीतील यंत्रभागांच्या भांडाराची खोली. मेजावर दूरध्वनी उघडा ठेवलेला असून, त्यातून दोन गल्ल्या पलीकडच्या बेकरीत दुरुस्तीस गेलेल्या मिस्त्रींचा आवाज येत आहे. भांडाराचे प्रमुख अण्णा, आणि त्याच कंपनीत संगणकाचे काम पाहणाऱ्या त्यांच्या सूनबाई, खणांच्या फडताळापुढे उभे आहेत.)

अण्णा: तथापि मॅडम, संगणक ‘शिल्लक नाही’ म्हणाला म्हणून वस्तू नाही, असा अर्थ होत नाही. वस्तू आहे. ती केवळ त्या नावाने आता तिथे राहत नाही.

सूनबाई: सील राहतं कुठे अण्णा? सील पडून असतं.

मिस्त्री: ताई, मला सगळं ऐकू येतंय. मी इथं गिअरबॉक्स उघडून बसलोय, कोपरापर्यंत तेल. एक सील पाठवा, एवढंच म्हणालो होतो.

अण्णा: मिस्त्री, क्रमांक पुन्हा एकवार सावकाश सांगावा.

मिस्त्री: यंत्राच्या पुस्तकात छापलाय तोच सांगतो. मळ, तीन, चाळीस, सा.

अण्णा: उत्तम. ‘मळ’ म्हणजे पीठ मळण्याचे यंत्र, हे कूळ झाले. ‘तीन’ म्हणजे गिअरबॉक्स, ही शाखा. ‘चाळीस’ हा त्या शाखेतील जन्मक्रम. आणि ‘सा’ म्हणजे सासर.

सूनबाई: सासर.

अण्णा: सदर सील मूळचे पाव कापण्याच्या यंत्राचे. तिथे ते ‘मा’ होते, म्हणजे माहेरी. पुढे आपण ते मळणयंत्राच्या घरी दिले. घर बदलले की क्रमांक बदलतो, हा आपल्या पद्धतीचा पाया आहे. क्रमांक कानी पडताच वस्तूचा समग्र कुलवृत्तान्त डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे.

मिस्त्री: माझ्या डोळ्यांपुढे पीठ उभं राहिलंय. टाकी भरून मैदा आहे, यीस्ट घातलेलं, आणि मळायचा हात मधेच अडकून बसलाय. टाकी निघत नाही, हात वर होत नाही. ते आपलं फुगतंय.

अण्णा: फुगू द्या. घाईत केलेली गोष्ट धड होत नाही.

मिस्त्री: ते पिठाला सांगा.

सूनबाई: हा बघा ‘मळ-तीन-चाळीस-सा’चा खण. रिकामा. आत नुसती चिठ्ठी आहे, तुमच्या अक्षरातली. ‘सन्मानाने माहेरी परत.’

अण्णा: हं, आठवले. मळणयंत्राचा गिअरबॉक्स नव्या बनावटीचा झाला आणि त्यांना हे सील नकोसे झाले. त्यांनी टाकले म्हणून आपण टाकावे, हे मला पटले नाही. मी ते परत आणले.

सूनबाई: पण जुनी यंत्रं बेकऱ्यांमधे अजून चालूच आहेत ना? त्यांना तेच सील लागतं. त्यांच्या पुस्तकात तोच क्रमांक छापलाय.

अण्णा: तेवढा विचार त्या वेळी राहून गेला.

सूनबाई: अण्णा, म्हणून तर मी खाली आले. मालकांनी आज संध्याकाळपर्यंत निकाल मागितलाय. नव्या संगणकात तुमची पद्धत चढवायची की साधे ओळीने आकडे द्यायचे. एक वस्तू, एक आकडा, तो जन्मभर बदलायचा नाही.

अण्णा: आणि तो आकडा देणार कोण?

सूनबाई: संगणकच देईल. शेवटच्या आकड्याच्या पुढचा.

अण्णा: म्हणजे विचार न करता.

सूनबाई: विचार करण्यासारखं त्यात काही नसतंच.

अण्णा: मग या खोलीत माझे काम काय, तेही मालकांना एकदा विचारून ठेवा. गेली इतकी वर्षे या कंपनीत एकही वस्तू माझ्याकडून क्रमांक घेतल्यावाचून बाहेर पडलेली नाही. सर्वांत लहान वायसरसुद्धा. मी एकेकीला हातात घेऊन, उलटसुलट पाहून, ही कोणाची, हिची जागा कोणती, हे ठरवले आहे.

मिस्त्री: अण्णा, सील.

अण्णा: आलो. माहेरचा खण पाहू. ‘काप-सात-बारा-मा’. खालून तिसरी फळी.

सूनबाई: हाही रिकामा.

अण्णा: असणारच. ‘मा’ हे अविवाहितांचे घर. परत आलेल्यांना मी ‘प’ दिला आहे. त्यांचा खण शेजारचा.

सूनबाई: सील तेच, यंत्र तेच, मग खण वेगळा कशाला?

अण्णा: मान राखला जावा म्हणून. कोणी म्हणू नये की जुन्यांत नवे मिसळले.

मिस्त्री: ताई, बेकरीवाल्यांच्या आई इथं खुर्ची टाकून बसल्यायत. विचारतायत, सील आणायला वऱ्हाड गेलंय का?

सूनबाई: त्यांना म्हणावं, अजून स्थळच बघतोय. अण्णा, ‘प’चा खण उघडलाय. चिठ्ठी. ‘पुन्हा योग आला. भट्टी.’

अण्णा: हो, हो. भट्टीच्या पंख्याला अगदी याच मापाचे सील हवे होते. चांगले घर होते, यंत्रही नवे होते. मला नाही म्हणवेना.

सूनबाई: अण्णा, तुम्ही एका काळ्या रबराचं दोनदा लग्न लावलंत.

अण्णा: दुसऱ्या खेपेस अगदी साधेपणाने.

मिस्त्री: मी हसतोय असं समजू नका. पीठ काठावर आलंय.

सूनबाई: भट्टीचा क्रमांक काय दिला होतात?

अण्णा: भट... शाखा एक, पंखा. जन्मक्रम... थांबा. नऊ असावा. किंवा एकोणीस. हे मला आठवावयास हवे होते.

सूनबाई: राहू दे, मी भट्टीचे सगळे खण उघडते. मिस्त्री, तुटलेलं सील हातात आहे ना? पुसा आणि माप सांगा.

मिस्त्री: माप कशाला, त्याच्यावर उठवलंय की. पस्तीस, बावन्न, सात. आतून पस्तीस, बाहेरून बावन्न, जाडी सात. सील बनवणाराच साच्यात घालतो हे आकडे.

सूनबाई: अण्णा, हे बघा. भट-एक-एकोणीस-सा. काठोकाठ भरलाय खण. आणि प्रत्येकावर उठवलेलं आहे, पस्तीस, बावन्न, सात. तिच्या अंगावरच लिहिलंय हो.

अण्णा: ती जन्मखूण आहे. ते नाव नव्हे.

सूनबाई: शहरातल्या कुठल्याही दुकानात जाऊन ‘पस्तीस-बावन्न-सात’ म्हटलं की हेच सील मिळतं. फक्त आपल्या दुकानात मिळत नाही.

अण्णा: जन्मखुणेवरून हाक मारीत नाहीत माणसे. ‘अहो, डाव्या गालावर तीळ असलेल्या, इकडे या’, असे कोणी म्हणते का?

मिस्त्री: बेकरीवाल्यांच्या आई म्हणतील. आत्ता मला ‘ए टकल्या’ म्हणाल्या.

सूनबाई: चला, मिळालं. गाडीवाला फाटकाशी उभाच आहे. एक सील देते त्याच्याकडे.

अण्णा: थांबा, मॅडम. असे देता येणार नाही.

सूनबाई: का?

अण्णा: हे भट्टीच्या पंख्याच्या नावचे आहे. मागणी मळणयंत्राची आहे. एका घरची वस्तू दुसऱ्या घरी अशी मागील दाराने धाडली, तर उद्या शिस्त काय राहील? आधी भट्टीकडून मोकळीक, मग मळणयंत्राच्या कुळात नवा जन्मक्रम, मग ‘सा’ की आणखी काही, हे ठरवावे लागेल. तिसऱ्या घरासाठी अक्षरच नाही माझ्याकडे. ते शोधावे लागेल.

मिस्त्री: शोधा. तोवर मी इथं बादल्या शोधतो. पीठ खाली यायला लागलंय, ताई. या बाई दोन्ही हातांनी उपसून बादल्यांत भरतायत, आणि बादल्यांतलंही फुगतंय.

सूनबाई: अण्णा, ते सील भट्टीला सोडून गेलं तर भट्टी रडणार आहे का?

अण्णा: प्रश्न रडण्याचा नाही.

सूनबाई: मग कशाचा आहे?

अण्णा: वस्तू कोणाची, हे तिच्या नावात दिसले नाही, तर ती कोणाचीच नाही असे होते. मी असे खिळे, नट, बोल्ट पाहिले आहेत. कोणत्याही यंत्रात जातात, कोणीही उचलतो. त्यांच्यासाठी मला वेगळा वर्ग करावा लागला.

सूनबाई: कुठला?

अण्णा: संन्यासी.

सूनबाई: आणि संन्याशांचा क्रमांक कधी बदलावा लागला?

अण्णा: नाही. संन्याशाला घर नसते, तेव्हा बदलण्याचे कारणच पडत नाही.

सूनबाई: आणि ते कधी हरवले?

अण्णा: ...नाही.

सूनबाई: मग सगळ्यांनाच देऊन टाका संन्यास.

अण्णा: सर्वांनीच संन्यास घेतला तर संसार कोणी करायचा, सूनबाई?

सूनबाई: ते यंत्रात बसले की करतीलच. संसार क्रमांकात नसतो अण्णा, यंत्रात असतो.

मिस्त्री: वा ताई. हे बरोबर बोललात. आता सील पाठवता का?

अण्णा: मिस्त्री, आपण थोडे थांबावे. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

मिस्त्री: तत्त्व माझ्या चपलेला चिकटलंय.

सूनबाई: अण्णा, एक विचारू? घरचं आहे. इथं विचारलं तर चालेल?

अण्णा: विचारा.

सूनबाई: मी तुमच्या घरी आले तेव्हा नाव बदललं नाही. दारावरच्या पाटीवर तुमचं आडनाव आहे आणि खाली माझं. इतक्या वर्षांत कुरिअरवाला कधी दारातून परत गेला?

अण्णा: नाही. उलट आपल्याकडे जी पार्सले येतात, ती बहुतेक तुमच्याच नावाची असतात.

सूनबाई: दूधवाला? विजेचं बिल? तुमच्या दवाखान्यातले कागद? तुमच्या ऑपरेशनच्या वेळी सही कुणी केली होती?

अण्णा: तुम्ही. चिरंजीव तर दवाखान्याच्या वासानेच बाकावर आडवे झाले होते.

सूनबाई: त्या नर्सनं विचारलं होतं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हणाले, सून. तिनं लिहून घेतलं. आडनाव जुळत नाही म्हणून तिनं तुम्हाला भुलीच्या टेबलावरून परत पाठवलं नाही.

अण्णा: हे मला ठाऊक नव्हते.

सूनबाई: तुम्हाला भूल दिली होती.

अण्णा: तुम्ही नाव बदलणार नाही असे कळले, तेव्हा मी आठवडाभर बोललो नव्हतो.

सूनबाई: माहीत आहे. घरात सांगितलं होतं, अण्णांचा घसा बसलाय.

अण्णा: घसा बसला नव्हता.

सूनबाई: तेही माहीत आहे. मी रोज काढा करून देत होते, आणि तुम्ही रोज पीत होता.

अण्णा: अतिशय कडू होता.

सूनबाई: मुद्दाम.

मिस्त्री: ताई, तुमचं घरचं झालं असेल तर इकडचं सांगतो. बादल्या संपल्या. आता ट्रे, पातेली, वजनकाटा. बाई म्हणतायत, आणखी उशीर झाला तर उरलेलं तुमच्या कंपनीच्या दारात आणून ओतीन, आणि मी त्यांना पत्ता सांगणार आहे.

अण्णा: गाडीवाल्यास बोलवा.

सूनबाई: सील देऊ?

अण्णा: द्या. दोन द्या. एक हाताशी असावे. जुने रबर एकदा फाटले की त्याच्या शेजारचेही आज ना उद्या फाटते.

सूनबाई: क्रमांक काय लिहू पावतीवर?

अण्णा: तूर्त ‘पस्तीस-बावन्न-सात’ लिहा. गाडीवाला वाटेत काही वाचत बसणार नाही.

मिस्त्री: देव तुमचं भलं करो. फोन चालू ठेवतो, हात मोकळे नाहीत.

सूनबाई: गेला गाडीवाला. अण्णा, बसा ना. उभे का?

अण्णा: मी विचार करीत आहे. तुमचे म्हणणे मला पटले, हे मी मान्य करतो. एकच सील चार नावांनी चार खणांत फिरले, आणि मला स्वतःला ते सापडले नाही. लेकीचे सासर विसरणारा बाप आणि मी, यात अंतर राहिले नाही. पद्धत मोडीत काढा. मालकांना तसे कळवा.

सूनबाई: कळवते.

अण्णा: परंतु क्रमांक संगणक देणार, शोधायचे तर तेही संगणकच शोधणार. उद्या सकाळी मी डबा घेऊन येथे येऊन बसावे, आणि काय करावे?

सूनबाई: ते तुम्हाला दाखवायचंच होतं. हा पडदा बघा. प्रत्येक वस्तूपुढे क्रमांक, आणि त्याच्यापुढे वर्णनाचा रकाना. तुमच्या जुन्या यादीतली वर्णनं मी तशीच उचलली. वाचा.

अण्णा: ‘सील.’ ‘सील.’ ‘सील, छोटे.’ ‘सील, ते दुसरे.’ ‘स्प्रिंग.’ ‘स्प्रिंग, बरी.’ हे कोणी लिहिले?

सूनबाई: तुम्ही.

अण्णा: अहो, क्रमांकातच सर्व सांगितलेले असे. वर्णनाकडे मी लक्ष दिले नाही.

सूनबाई: आता क्रमांक मुका झाला. नुसता आकडा, त्याच्यात काही कळत नाही. म्हणजे जे सांगायचं ते सगळं वर्णनात आलं पाहिजे. वाचणाऱ्याला वस्तू न बघता दिसली पाहिजे. ‘बरी’ म्हणून भागणार नाही. अशा सगळ्या वस्तू आहेत, या चारही भिंतींवरच्या. एकेक हातात घेऊन, उलटसुलट बघून, शब्दांत लिहायची. मला ते जमत नाही. मी लिहिलं की ते औषधाच्या बाटलीवरच्या कागदासारखं होतं.

अण्णा: हे मालकांनी सांगितले, की तुम्ही मला बरे वाटावे म्हणून आत्ता काढलेत?

सूनबाई: मालकांना मी पहिल्या दिवशीच सांगितलंय. ते म्हणाले, म्हातारा मानणार नाही.

अण्णा: म्हातारा म्हणाले?

सूनबाई: ‘भांडारप्रमुख’ म्हणाले. मी ऐकलं तसं.

अण्णा: असो. किती जागा आहे वर्णनाला?

सूनबाई: साठ अक्षरं. त्यात काना, मात्रा, मोकळ्या जागाही धरून.

अण्णा: साठ? एवढ्यात तर प्रस्तावनाही व्हायची नाही.

सूनबाई: प्रस्तावना नकोच आहे. पहिलं हेच करू या, आत्ता गेलेलं. भट्टीचा, मळण्याचा, कापण्याचे दोन, चारही क्रमांक मी बंद केले. नवा आला बघा.

अण्णा: एक कोटी एक.

सूनबाई: नव्या पद्धतीतली पहिली वस्तू.

अण्णा: या आकड्यात खरोखरच काही नाही ना? पुढून मागून कसाही वाचला तरी?

सूनबाई: काहीही नाही.

अण्णा: चमत्कारिक वाटते. तथापि लिहून घ्या. ‘वंगणतैलाचा अपव्यय निग्रहाने रोखणारे, कृष्णवर्णी, वर्तुळाकृती...’

सूनबाई: अण्णा, इथंच साठ झाली. आणि मिस्त्रींना कळलं पाहिजे.

मिस्त्री: मी ऐकतोय. सील आलं, बसवतोय. ‘कृष्णवर्णी’ असं कुणी मला फोनवर म्हणालं तर मी विचारीन, नाटक कितीला सुरू होतं.

अण्णा: मग तुम्ही काय म्हणाल, मिस्त्री?

मिस्त्री: तेलाचं सील.

अण्णा: ‘तेलाचे’ म्हटले की तेलापासून बनलेले असे वाटते. ‘तेल अडवणारे’. हे कसे वाटते?

मिस्त्री: हे चांगलंय. हे कुणालाही कळेल.

अण्णा: लिहा, सूनबाई. ‘तेल अडवणारे काळे रबरी सील.’ किती झाली?

सूनबाई: अजून जागा आहे.

अण्णा: ‘आत पस्तीस, बाहेर बावन्न, जाडी सात.’ शब्दांत नको, आकड्यांत घाला. जन्मखूण असू द्या तिथे. आणि ओठाकडे आत एक बारीक स्प्रिंग असते, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सील उलटे बसवले तर तेल गळते. त्यासाठी काही बसते का पाहा.

मिस्त्री: हे मात्र लिहाच. आधीच्यानं उलटंच बसवलं होतं, म्हणून तर फाटलं.

सूनबाई: ‘स्प्रिंग तेलाकडे.’ बसतंय.

मिस्त्री: ताई, सुरू करतोय. जरा फोनपासून लांब व्हा. ...फिरलं. हात फिरतोय. गळत नाही. बाई पीठ परत टाकीत टाकतायत. मला पाणी आणून दिलं त्यांनी.

सूनबाई: काही म्हणाल्या?

मिस्त्री: म्हणाल्या, एवढ्याशा रबरासाठी एवढा घोळ. मी म्हटलं, त्याचं घरचं जरा गुंतागुंतीचं आहे.

अण्णा: मिस्त्रींना सांगा, यापुढे तशी भाषा नको. सूनबाई, जरा वाचून दाखवा, काय झाले ते.

सूनबाई: ‘तेल अडवणारे काळे रबरी सील ३५-५२-७, स्प्रिंग तेलाकडे’.

अण्णा: बरे झाले आहे.

सूनबाई: छान झालंय. पुढे ‘कोणत्या यंत्रासाठी’ असा एक रकाना आहे. तिथं काय भरू? तिन्ही यंत्रं लिहू?

अण्णा: चौथे यंत्र आले तर?

सूनबाई: मग?

अण्णा: तो मोकळा ठेवा. आणि त्या पुढच्या खणातली स्प्रिंग द्या इकडे. ‘बरी’ असे लिहिले होते मी तिला.